आठ हिरवे दिवे

कंपनीत त्याला सगळे ‘टेस्टर’ म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. एखाद्या बँकेत किंवा इस्पितळात नेटवर्कच्या केबल टाकून झाल्या, की स्वारी खांद्याला मोठं मशीन अडकवून हजर. एकेक केबल तपासायचा, आणि कुठे जरा खोट निघाली की टाकणाऱ्याची खैर नसे. ‘‘आज चालतेय म्हणून सोडलीस, आणि उद्या ऑपरेशन चालू असताना बंद पडली तर कोणाच्या नावानं बोंब मारायची?’’ असं तो चारचौघांत सुनवायचा. त्यानं पास केलेली लाइन सहसा बंद पडत नसे, त्यामुळे मान कायम ताठ.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावरही ते मागच्या खोलीतच राहिले. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. ‘‘चला की आमच्याकडे,’’ असं त्यानं कितीदा तरी म्हटलं, पण म्हातारा हलेना. ‘‘तुमच्याकडची घड्याळं आवाज करत नाहीत. मला मेल्यासारखं वाटतं,’’ म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. शेवटी टेस्टरनं त्यांना बोलायला एक स्क्रीन आणून दिला. रोज संध्याकाळी एकमेकांना बघायचं, बोलायचं.

इंटरनेटचा डबा पुढे दुकानात, खोली पार मागे, आणि मधल्या भिंती अशा जाड की वायफायची डाळ शिजेना. म्हणून त्यानं माळ्यावरून लांबलचक केबल ओढली. टोकांना प्लग बसवायचे तेवढे राहिले, तोच बँकेतून फोन आला, लाइन बंद पडली म्हणून. प्लग आणि पक्कड तिथेच टाकून तो पळाला. वाटेत वडिलांना फोनवर सांगितलं, ‘‘बाबा, आत पिळलेल्या चार जोड्या दिसतील. त्या एकीपुढे एक ओळीनं लावा. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवा, बस्स.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. तुमच्या तर डाव्या हाताचा मळ आहे तो.’’

वडील खूश झाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या बोटांना काम मिळालं होतं.

पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, ‘‘अरे, तुझा आवाज तुटतोय.’’ तो खिशात मावणारा छोटा टेस्टर घेऊन गेला. दोन टोकांना दोन डब्या लावल्या. आठही दिवे एकामागून एक हिरवे पेटले.

‘‘लाइन ठणठणीत आहे, बाबा.’’

‘‘मग तुटतं कुठे?’’

‘‘तुमच्या कानात,’’ तो हसत म्हणाला.

वडीलही हसले. ‘‘असेल बुवा. वय झालं.’’

त्यानं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयामानानं थोडं कमी ऐकू येतं, यंत्र लावून बघा, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी ते यंत्र शाळकरी पोरासारखं मुकाट्यानं लावलं. संध्याकाळी त्यानं विचारलं, ‘‘आता येतं ना नीट ऐकू?’’ ‘‘येतं, येतं,’’ वडील म्हणाले. खरं तर काही फरक पडला नव्हता. पोरानं एवढी धावपळ केली, त्याचा हिरमोड कशाला करा, एवढाच त्यांचा हिशेब.

त्यांना बोलायला फार लागायचं. कुठल्या घड्याळात मुंगीनं कसं ठाण मांडलं होतं, लग्नाच्या दिवशी त्यांचं स्वतःचंच घड्याळ कसं मागे पडलं, असल्या गोष्टी ते तिखटमीठ लावून सांगत. पण गोष्ट रंगात आली की आवाजाचे तुकडे व्हायचे. वयामुळे बाबा शब्दही गिळतात, असं टेस्टर धरून चालला. टेस्टर एकदा म्हणायचा ‘‘काय?’’, दुसऱ्यांदा म्हणायचा ‘‘पुन्हा सांगा’’, आणि तिसऱ्यांदा वैतागायचा. ‘‘राहू द्या बाबा. रविवारी आलो की सांगा.’’ मग रविवारी कुठली तरी बँक आडवी यायची. हळूहळू वडिलांचं बोलणं आटलं. ‘‘बरा आहे. जेवलास का? ठेवतो.’’ झालं.

मोठं मशीन त्याच्या गाडीतच असायचं. घरच्या एका वायरीला ते कुठे लावत बसायचं, असं त्याला वाटे.

पुढे एका सकाळी वडिलांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून ते खोलीवर परतले तेव्हा त्यांना सांभाळायला आत्या येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, ‘‘बोलणं शिकवणाऱ्या बाई रोज स्क्रीनवर सराव घेतील. सराव नीट झाला तर चार शब्द परत येतील. पण आवाज मध्ये तुटला तर उपयोग नाही.’’

तेव्हा कुठे टेस्टर मोठं मशीन घेऊन बापाच्या घरात शिरला.

मशीननं लाल फुली दाखवली. त्यानं पुन्हा तपासलं, पुन्हा लाल. मग त्यानं प्लग काढून उजेडात धरला. आठ तारा एका रेषेत कापलेल्या, जोडीला जोडी लागून, घड्याळजीच्या हाताचं काम. आणि तिथेच घोटाळा होता. तिसऱ्या तारेची जोडीदार सहाव्या जागी बसते, मधे दुसरी जोडी येते. तसं नसेल तर सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि आवाज तुटतो, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यानं घाईत ते सांगितलंच नव्हतं. वडिलांनी त्याचा शब्द केसभरही मोडला नव्हता. आठही तारा इकडून तिकडे पोचत होत्या, आणि छोटा टेस्टर तेवढंच बघतो. कोण कोणाशी पिळलेलं आहे, ते त्याला कळत नाही.

टेस्टर जमिनीवर बसून राहिला. त्याला स्वतःची शिसारी आली. परक्यांच्या भिंतीतल्या केबलसाठी यानं माणसांना धारेवर धरलं होतं, आणि इथे बापाच्या कानाला दोष देऊन मोकळा झाला होता.

खुर्चीतून वडील बघत होते. त्यानं दोन्ही टोकांना नवे प्लग बसवले. मशीन हिरवं झालं. मग त्यानं वडिलांच्या कानातलं यंत्र हलकेच काढून टेबलावर ठेवलं. ‘‘याची गरज नाही, बाबा,’’ एवढंच म्हणाला. चूक माझी होती, हे तोंडावर म्हणायला जीभ रेटेना. घरी जाऊन स्क्रीनवर सांगू, असं त्यानं ठरवलं.

संध्याकाळी आत्यानं स्क्रीन लावून दिला आणि ती आत गेली. चित्र लख्ख होतं. आवाज तर असा, की वडिलांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली. वडिलांचा जड श्वासही ऐकू येत होता.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला.

वडिलांनी मान हलवली, डावा हात तोंडाशी नेला. जेवलास का?

टेस्टरनं बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ओठ तेवढे हलत राहिले.

वडील पुढे वाकले. बराच वेळ त्यांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. मग ओशाळं हसून त्यांनी स्वतःच्या कानावर बोट टेकवलं, आणि डाव्या हातानं चाचपडत टेबलावरचं यंत्र उचलून पुन्हा कानात बसवू लागले.