झावळ्यांच्या रविवारची गाढवीण

मी एक म्हातारी गाढवीण आहे. मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. वर्गात ज्याला गणित येत नाही त्याला तुम्ही माझ्या नावानं हाक मारता, हे मला ठाऊक आहे. मला गणित येत नाही हे खरं आहे. पण मी आजवर कुणाला उन्हात बांधून विसरून गेलेले नाही.

माझा जन्म आडगावच्या बाजूला एका वीटभट्टीवर झाला. डोळे उघडले तेव्हा हवेत धूर होता, म्हणून मी जगात आले ती खोकतच. माझा मालक सावळीराम हा उंच, काटकुळा माणूस होता. तो मला शिव्या द्यायचा, कधी काठीही मारायचा. पण मला पाणी पाजल्याशिवाय स्वतः भाकरीला हात लावायचा नाही. माणसांच्या मानानं हे पुष्कळच झालं. पाठीवर विटा घ्यायच्या, रचायच्या थरापर्यंत न्यायच्या, रिकामं परत यायचं, असं माझं तरुणपण गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विटांनी मला कधी खोटं सांगितलं नाही. त्या जड होत्या आणि जडच वाटायच्या.

मग एका वसंतात शहराच्या पश्चिमेकडच्या मिशन शाळेतून एक बाई स्कूटरवर बसून भट्टीवर आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सुवार्ता मॅडम.

"आम्हाला मिरवणुकीसाठी एक शांत गाढव हवंय," त्या म्हणाल्या. "वर लहान मूल बसणार आहे. लाथ मारणारं नको."

सावळीरामनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही घेऊन जा. ही लाथ मारत नाय. हिला तेवढी हौसच नाय."

त्या दिवसापासून मी दर वर्षी एका दिवसापुरती मोठी होऊ लागले. ईस्टरच्या आदल्या रविवारी ख्रिस्ती मंडळी झावळ्यांचा रविवार पाळतात. त्यांचा प्रभू गाढवावर बसून यरुशलेम नगरीत आला आणि लोकांनी हातात झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. शाळेत मला शाम्पूनं आंघोळ घालायचे. अंगावर लाल मखमलीची झूल, गळ्यात शेवंतीची माळ. पांढरा झगा घातलेलं एक मूल माझ्यावर बसायचं. बाकीची मुलं शिंदीच्या झावळ्या हलवत "होसान्ना, होसान्ना" असा जयघोष करत गायची. त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी गणपती बसायचा, पण झावळी हलवायला सगळ्यांनाच आवडायचं.

मिरवणूक निघण्याआधी सुवार्ता मॅडम दर वर्षी एकच वाक्य सांगायच्या. "मुलांनो, राजे घोड्यावर बसतात. आपला राजा गाढवावर बसला, कारण तो नम्र होता."

मुलं माना डोलवायची. मोठी माणसं डोळे मिटून "आमेन" म्हणायची. आणि सोमवारी भट्टीवर परतण्याआधी मी त्याच शाळेच्या कुंपणाजवळ गवत खायला गेले की वॉचमन दगड उचलायचा. नम्रता रविवारपुरती असते, हे मी तिथे शिकले.

फाल्गुन लागला की त्या शाळेला चेव यायचा. आवारातला करंज कोवळ्या पानांनी भरून जायचा आणि शाळा श्रमदान करायची. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, वाफे खणायचे, पटांगण झाडायचं. माती आणायला अर्थात मला भट्टीवरून बोलवायचे. मुलं एक पाटी उचलायची आणि पाटीबरोबर तिघातिघांचे फोटो काढायची. मी दिवसभर माती वाहिली, त्याचा एकही फोटो नाही. मग आनंदमेळा. शाळेच्या वसतिगृहात पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली राहायच्या. त्या नागलीचे पापड भाजून विकायच्या. शहरातल्या आया मोटारीतून उतरून विचारायच्या, "स्वच्छ आहेत ना गं?" आणि शेजारच्याच गाड्यावरची पाणीपुरी भय्याच्या हातून मिटक्या मारत खायच्या. मैदानावर शिक्षक आणि पालकांची रस्सीखेच व्हायची. एकदा एका प्लास्टिकच्या पदकावरून दोन बाप एकमेकांच्या अंगावर धावून गेले. नंतर त्याच दोघांनी प्रार्थनेत शेजारी उभं राहून "शांती असो" म्हणून हात मिळवले. गाढवं भांडतात तेव्हा निदान नंतर हात मिळवत नाहीत.

त्या वसतिगृहात संध्या नावाची एक मुलगी होती. पेठकडची, सावळी, बोलायला हळू. श्रमदानाच्या वेळी सगळे सरबत प्यायला पळाले की ती बादलीभर पाणी माझ्यासमोर ठेवायची आणि निघून जायची. तिनं माझ्याबरोबर फोटो काढल्याचं मला आठवत नाही.

आता त्या वर्षाची गोष्ट सांगते.

त्या वर्षी शाळेला शंभर वर्षं झाली होती. शाळेच्या समितीचे नवे अध्यक्ष होते शांतवनसाहेब. सफेद बूट, आवाज भरदार. दर वर्षीप्रमाणे आम्हाला निरोप आला आणि सावळीराम पहाटेच मला घेऊन निघाला. भट्टीवर तेव्हा ट्रॅक्टर आले होते. सावळीरामचा मुलगा सुनील रोज बापाशी वाद घालायचा. "आता गाढवं कशाला पोसायची, दादा? व्यापारी येतोय, देऊन टाकू." आणि सावळीराम दर वेळी म्हणायचा, "बाकीची दे. ही नाय. हिच्यावर देव बसतो." म्हणजे त्या शाळेच्या एका दिवसावर माझा जीव टांगलेला होता.

पोहोचल्यावर आम्हाला आधी कामाला लावलं. नदीकडून शिंदीच्या झावळ्या आणायच्या होत्या. माझ्या पाठीवर त्यांचे भारे बांधले. घाईत दोर खाली गादी न घालताच आवळला. दुसऱ्या खेपेला पाठ सोलली. तिसऱ्या खेपेला ओल आली. सावळीरामनं ते पाहिलं, त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण तेवढ्यात किशोर सरांनी हाक मारली. किशोर सर म्हणजे शाळेचे पी.टी.चे शिक्षक, बँडपथकही तेच बघायचे.

"झावळ्या उतरवा, आणि हिला वसतिगृहाच्या मागे बांधा," सर म्हणाले.

"आंघोळ?" सावळीरामनं विचारलं.

"यंदा गाढव नाही."

फाटकातून एक पांढरी घोडी आत येत होती. डोक्यावर तुरा, पायात चांदीचे तोडे. वरातीची घोडी. सावळीराम सुवार्ता मॅडमकडे गेला. "मॅडम, दर साली हीच असती."

मॅडमनी नजर खाली घातली. उत्तर शांतवनसाहेबांनी दिलं. "अहो, शंभरावं वर्ष आहे. वरून ड्रोननं शूटिंग होणार. परदेशातले पाहुणे बघणार. त्यात गाढव बरं दिसतं का?"

नम्र राजाचं वाक्य मॅडमनी त्याही वर्षी सांगितलं, फक्त "राजे घोड्यावर बसतात" एवढा भाग गाळला. मी वसतिगृहाच्या मागून ऐकत होते. माझे कान तुमच्यापेक्षा मोठे आहेत.

प्रभूच्या वेषासाठी त्या वर्षी तनय नावाचा सहावीतला मुलगा निवडला होता. त्याचा चेहरा फोटोत उठून दिसतो म्हणून. त्याला उचलून घोडीवर बसवलं. बिचारा आधीच पांढराफटक पडला होता. मी बांधलेली होते तिथून कुंपणापलीकडचा रस्ता दिसत होता. ड्रोन भुंग्यासारखा घोंघावत वर गेला. किशोर सरांनी हात उंचावला आणि बँड सुरू झाला.

मित्रांनो, वरातीच्या घोडीला बँड ऐकला की नाचायचं एवढंच शिकवलेलं असतं. ती नाचू लागली. पुढचे पाय उचलून, मान हलवून, गोल गोल. घोडीवाला खूश झाला. त्याला वाटलं, लोकांना हेच हवंय. तो म्हणाला, "नाचू द्या साहेब, लय भारी घोडी हाय!"

"थांबवा!" तनय ओरडला. "मला उतरवा! मॅडम!"

ढोलांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ज्यांना ऐकू गेलं त्यांच्या हातात मोबाइल होते. शंभर वर्षांच्या शाळेची सगळी मंडळी, शिक्षक, पालक, चर्चचे पाळकसाहेब, समिती, सगळे जमलेले, समोर एक मूल जिवाच्या आकांतानं घोडीच्या मानेला मिठी मारून रडतंय, आणि लोक हसताहेत. काही जण तर टाळ्या वाजवत होते. मी दाव्याला बांधलेली होते, आणि मला त्या सगळ्यांची किळस आली.

तेवढ्यात झावळ्या घेतलेल्या मुलींच्या रांगेतून संध्या धावली. घोडीकडे नाही, बँडकडे. तिनं मोठा ढोल वाजवणाऱ्याचा हात धरला आणि ओरडली, "वाजवू नका! बंद करा! ती वाजवण्यानं नाचते!"

ढोल थांबला. बाकीची वाद्यं अडखळत थांबली. घोडीही थांबली, जणू काही झालंच नव्हतं. तिचा काही दोष नव्हता. तनयला खाली उतरवलं. त्याचं नाक वाहत होतं.

मिरवणूक अर्ध्या रस्त्यात अडकली. मग शांतवनसाहेबांना माझी आठवण झाली.

"ते गाढव आहे ना मागे? आणा लवकर. झूल टाका, म्हणजे बरं दिसेल."

किशोर सर धावत आले. सोललेल्या पाठीवर त्यांनी ती लाल मखमल टाकली. मखमल इतकी टोचते हे मला त्या दिवशी कळलं. मला ओढत रस्त्यावर आणलं, आणि मी उभी राहिले. हललेच नाही. सरांनी दावं ओढलं. शांतवनसाहेबांनी मागून ढकललं, सफेद बुटांची पर्वा न करता. सरांनी हातातली बँडची काठी उगारली.

"मारू नका, सर," संध्या म्हणाली. ती पुढे आली आणि तिनं झूल उचलली. "हिची पाठ सोललीय. बघा."

खाली सगळं लाल झालं होतं, आणि मखमलीचा रंग लाल असल्यामुळे कुणाला कळलं नव्हतं.

तनय ते बघत राहिला. साहेब म्हणाले, "बस रे बाळा, दोन मिनिटांचं काम आहे."

"मी नाही बसणार."

"अरे, गाढवच आहे ते!"

"तिला दुखतंय," तनय म्हणाला. त्याचा आवाज अजून रडका होता. "मी चालतो."

आणि तो चालू लागला. झगा पायात येत होता, तो त्यानं दोन्ही हातांनी वर धरला. संध्या झावळी घेऊन त्याच्या शेजारून निघाली. मग हळूहळू बाकीची मुलं निघाली. बँड वाजवायची कुणाची हिंमत नव्हती. गाणंही कुणी सुरू केलं नाही. नुसता झावळ्यांचा सळसळाट आणि शेकडो पायांचा आवाज. सुवार्ता मॅडम सगळ्यांत मागे चालत होत्या, मान खाली घालून. मी आयुष्यभर माणसांना तुच्छ लेखत आले, मित्रांनो. त्या काही मिनिटांत मला तसं करता आलं नाही, हेही सांगायला हवं.

ते फार टिकलं नाही. प्रार्थनेनंतर शांतवनसाहेबांनी नम्रतेवर भाषण केलं. "आज आपल्या शाळेनं प्रभूला पायी चालवलं," ते म्हणाले, "ही कल्पना समितीला आधीपासूनच सुचली होती." टाळ्या पडल्या. व्हिडिओतून नाचणारी घोडी काढून टाकली आणि शांत चालणाऱ्या मुलांवर बासरी घातली. मी त्यात कुठेच नाही.

सावळीरामनं माझ्या पाठीला हळद आणि तेल लावलं. "उद्यापासून त्या शाळेत जायचं नाय," तो एवढंच म्हणाला. सुनीलनं बाकीची गाढवं व्यापाऱ्याला दिली. मला सावळीरामनं दिलं नाही, अगदी अंथरुणाला खिळला तेव्हाही. मागच्या पावसाळ्यात तो गेला. सुनील वाईट नाही. त्यानं मला विकलं नाही, फक्त दावं सोडून दिलं.

मी चालत चालत शाळेच्या या भिंतीपाशी आले. गवत इथेच बरं आहे. संध्या दहावी होऊन गावी गेली. तिकडे बारावी करून नर्सिंगला नाव घातलंय म्हणतात. तनय आता नववीत आहे, मिसरूड फुटतंय. एकटा असला की भिंतीजवळच्या फुटक्या कुंडीत बाटलीतलं पाणी ओततो. मित्र बरोबर असले की ओळख दाखवत नाही. मी त्याला दोष देत नाही. माणूस होत चाललाय.

यंदाच्या झावळ्यांच्या रविवारी शाळेनं नवी सोय केली. फायबरचं गाढव. राखाडी रंग, गुलाबी ओठ, तोंडावर हसू, पायाखाली चाकं. ते लाथ मारत नाही, लीद टाकत नाही, हलायला नकार देत नाही. एरवी ते व्हरांड्यात असतं आणि त्याचा रंग उडू नये म्हणून त्याच्यावर ताडपत्री घालतात. मिरवणूक माझ्या समोरून गेली. फाटकाजवळ गटाराच्या जाळीत त्याचं चाक अडकलं. लगेच सगळे धावले. किशोर सर, पालक, खुद्द शांतवनसाहेब. दहा हातांनी त्याला अलगद उचललं.

"सावकाश रे, सावकाश!" साहेब ओरडत होते. "पाय मोडेल त्याचा!"

मी भिंतीला टेकून बघत होते. ऊन कडक होतं आणि कुंडी कोरडी होती.

मित्रांनो, मला तुमची माळ नको आणि तुमची दयाही नको. उन्हात एखादं जनावर उभं दिसलं तर त्याला तहान लागली आहे का, एवढं बघा. मित्र बरोबर असले तरी बघा. तेवढंही जमणार नसेल, तर खुशाल फायबरची जनावरं पाळा. ती मरत नाहीत, आणि त्यांच्या डोळ्यांत बघताना तुम्हाला लाजही वाटणार नाही.