सोफ्याखालचा इसम

निरवांगीचे सावळाराम आबा जन्मभर साखर कारखान्यावर वॉचमन होते. रिटायर झाले तरी पारावर बसून रोज एखादा चोर पकडायचे. त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, हे सगळे चोर तोंडपाठ होते.

एप्रिलात शेजारच्या झुंबर तात्यांच्या मुलीचं लग्न दारातल्या मांडवात लागलं. अक्षता पडल्या आणि पाठोपाठ गारा पडल्या, लिंबाएवढ्या. मांडव फाटला, वऱ्हाड वाट फुटेल तिकडं पळालं. गारा थांबल्या तेव्हा आबांच्या घरावरच्या सिमेंट पत्र्यांची चाळण झाली होती. त्याच संध्याकाळी आबांनी पारावर सांगितलं, की मांडव कोसळत असताना तात्यांच्या नातीला, छकुलीला, आपण छातीशी धरून बाहेर काढलं.

घराचा विमा होता. कौसल्याबाईंनी कंपनीला फोन लावला. "सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका," उत्तर आलं. मग दोघं नवराबायको आणि शेरडू स्वयंपाकघरात झोपू लागले. तिथला एक पत्रा तेवढा शाबूत होता.

सर्व्हेअर आला तेव्हा मे निम्मा सरला होता. वर बघून तो म्हणाला, "उजेड छान येतो." मग त्यानं मोबाइल उघडला. कंपनीच्या यादीतल्या जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी गारपिटीची नोंद नव्हती.

"म्हंजी पत्रं उन्हानं फुटलं व्हय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"ऊन पॉलिसीत येत नाही, मावशी. गारांचा पुरावा असेल तर बारामतीच्या ऑफिसात आणा."

"लग्नाचं शूटिंग हाय की!"

"छे छे," आबा घाईनं म्हणाले, "लोकांच्या लेकीबाळींचं शूटिंग. हापिसात दावायचं आसतंय का?"

कौसल्याबाई त्याच दिवशी तात्यांकडं गेल्या आणि त्यांनी शूटिंग लावायला सांगितलं. कॅमेरावाला पडवीत पळाला होता, पण कॅमेरा चालूच होता. मागं आबांचं घर, त्यावर फटाफट फुटणारे पत्रे. पुढं स्टेज, स्टेजवर नवरानवरीचा लाल सोफा आणि सोफ्याखालून बाहेर आलेले दोन पाय. छकुली वाकून म्हणत होती, "आबा, पाय आत घ्या, गार लागंल." आबांना जमेना, तेव्हा तिनं त्यांच्या पायांवर पाट ठेवला आणि ती पळाली.

घरी येऊन कौसल्याबाईंनी नवऱ्याला जेवायला वाढलं. "उद्या बारामतीला जायाचं," त्या म्हणाल्या. "तुमी बी."

कंपनीतला राजवर्धन नावाचा तरुण साहेब व्हिडिओ बघून खूश झाला. "गारा स्पष्ट दिसतायत. पण मागचं घर तुमचंच कशावरून? व्हिडिओत दिसणारा कुणी साक्षीदार आहे का?"

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आबांनी पंख्याकडं पाहिलं.

"त्या सोफ्याखाली मीच हाय," शेवटी ते म्हणाले. "आन् मागं माजं घर."

"चेहरा दिसत नाही, काका."

"फुडं दिसतोय," कौसल्याबाई म्हणाल्या.

पुढं सोफ्याखालून आबांचं डोकं बाहेर आलं. मिशीत अक्षता. साहेबानं पडद्यावर ते थांबवलं, आधार कार्ड शेजारी धरलं, दुसऱ्या टेबलावरच्या मॅडमना बोलावलं. दोघांचं एकमत झालं. मग आबांकडून लिहून घेतलं: 'व्हिडिओत सोफ्याखाली दिसणारा इसम मीच असून तेथे स्वखुशीने गेलो होतो.'

परतीच्या एसटीत लासुर्ण्यापर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते.

"गुडघा धरला हुता माजा," ते म्हणाले. "म्हनून वाकलो."

"व्हय. मी शेरडू सोडाया पळाले, तवा मला बी वाटलं, ह्यांचा गुडघा धरला आसंल."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भ्यालो गं. लई आवाज हुता."

"आवाज हुताच," कौसल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतली केळी काढून एक त्यांच्या हातात दिलं.

क्लेम मंजूर झाला. पत्रे जुने म्हणून निम्मी रक्कम कापली. मजुरी तर मिळालीच नाही, कारण मजुरीला गार लागलेली नव्हती. आलेल्या पैशात एक खोली झाकली, दुसरीवर ताडपत्री टाकली.

आबांनी पारावर जाणं बंद केलं. पण व्हिडिओत अख्खी आळी दिसत होती, आणि पत्रे फुटलेले बाकीचे विमाधारकही आता तोच पुरावा घेऊन बारामती गाठत होते. कंपनीनं प्रत्येकाला एकच सांगितलं: साक्षीला तो इसम आणा.

पहिल्यांदा आल्या सारजाकाकू. "आबा, चला की. तुमच्याबिगर माजा पत्रा खरा धरंना त्यो सायब."

आबांनी बायकोकडं पाहिलं. तिनं त्यांची टोपी झटकून हातात दिली.

ऑफिसात साहेबानं व्हिडिओ लावला, तसे आबा खुर्ची ओढून पुढं सरसावले.

"जरा मागं घ्या, सायब. हां. हे पाय माजं. आन् त्या पायाच्या सरळ रेषेत बघा, ते सारजाबाईचं घर."