मशीन राहू दे

झरीन कुवेतच्या दस्मान भागातलं देवयानीताईंचं घर सोडून दुसऱ्या घरी कामाला निघाली होती. तिथली बाई रोज दुपारी शिवणकाम करू देणार होती. आता रिलीजच्या, म्हणजे नोकराला सोडल्याच्या, कागदावर साहेबांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, वतीने ताईंची सही व्हायची राहिली होती, आणि पलंगाखालून शिलाई मशीन काढायचं.

"मशीन राहू दे गं," भाजी निवडता निवडता ताई म्हणाल्या.

"ताई, माझं आहे ते."

"तुझं? पावती कुणाच्या नावावर आहे?"

पावती साहेबांच्या नावावर होती. दुकानात झरीननेच तसं सांगितलं होतं. चार वर्षं शुक्रवारच्या दुपारी शेजारणींचे ब्लाउज हाताने शिवून, त्या पैशांतून घेतलेली वस्तू. पण ज्याच्या व्हिसावर आपण, त्याच्याच नावावर ती शोभते, असं श्रीवर्धनच्या या शहाणीला वाटलं. अदब म्हणतात ती हीच, आणि ती गरिबालाच महागात पडते.

"शुक्रवारी कमावशील ते तुझं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"वापर म्हणाले. घेऊन जा म्हणाले का?"

कायदा शिकणारी अंजू सुट्टीला आली होती. तिने पुस्तकातून डोकं काढलं. "आई, हे तर आमच्या रोमन लॉमध्ये आहे! मालक गुलामाला थोडी चीजवस्तू ठेवू द्यायचा. पेक्युलियम म्हणायचे. तो त्यावर धंदा करायचा, कधी कधी साठवून स्वतःची सुटकाही विकत घ्यायचा. पण टेक्निकली सगळं मालकाचंच. गुलामाला विकलं, की वेगळं ठरल्याशिवाय ते मागेच राहायचं."

"ऐकलंस?" ताई खुशीत आल्या. "दोन हजार वर्षांची रीत आहे. मी काय नवीन काढलं?"

अंजूचा चेहरा उतरला. "अगं, मी नुसतं उदाहरण..."

"छान दिलंस की!"

रोम कुठे आलं, झरीनला ठाऊक नव्हतं. सुटका विकत घ्यायची असते, एवढं मात्र लगेच कळलं.

"ठेवा मशीन," ती म्हणाली. "सही करा."

"करते ना. आधी अंजूला दोरा ओवायला शिकव. बॉबिन भरायलाही. पडून राहिलं तर काय उपयोग?"

झरीनने शिकवलं. अंजूचं बोट सुईखाली गेलं तेव्हा चाक झरीननेच धरलं. अंजूने मान काही वर केली नाही. चौथ्या खेपेला टीप सरळ आली, तेव्हा ताईंनी पेनाचं टोपण काढलं.