तिसरा भिडू

छापखान्याच्या मालकाच्या खुर्चीत कोण बसणार, हे रविवारी दुपारी आप्पांच्या घरी फासे टाकून ठरणार होतं. हसायचं असेल तर हसून घ्या. आप्पांची थोरली लेक ताईही हसली होती, पण मनातल्या मनात. कारण पटावर बसणाऱ्या तिघांत ती स्वतः होती, आणि ती खुर्ची तिला हवी होती. अकरा वर्षं छापखाना तीच चालवत होती. कुठलं काम कुठल्या मशीनवर चढवायचं, कागदाची किती रिमं कधी मागवायची, कटिंगवाला रुसला की त्याची समजूत कशी काढायची, सगळं तिच्याकडे. आप्पा नुसते सह्या करत. आता त्यांना सह्यांचाही कंटाळा आला होता आणि सोमवारी वकील कागद घेऊन येणार होता. त्या कागदावर एक नाव लिहायचं बाकी होतं.

आता कुणी म्हणेल, मग नाव लिहा की तिचं, त्यात काय एवढं! पण या घराची रीत वेगळी. अठरा वर्षांपूर्वी आप्पांनी कुठल्याशा दुकानातून ‘कोठार’ नावाचा खेळ आणला आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक निर्णय त्या पटावर होतो. सुट्टीत कुठे जायचं, ते पटावर. बैठकीच्या भिंतींना कावीळ झाल्यासारखा पिवळा रंग आहे, तो धाकट्या भावानं जिंकलेला. चार रंगांत छापणारं ते अजस्र मशीन घ्यायचं की नाही, हेही पटावरच ठरलं. ताई ‘नको’ म्हणत होती, पण त्या दिवशी जावई जिंकले. तीन वर्षं झाली, ते मशीन प्लास्टिकखाली झाकलेलं आहे आणि मशीनमन त्याच्यावर आपले ओले शर्ट वाळत घालतात.

“माणूस तोंडानं काय वाटेल ते बोलतो,” आप्पा म्हणत, “पटावर मात्र त्याची अक्कल उघडी पडते.” कुणाची पडते, हे सांगायची सोय नव्हती.

तर ते तिघं. पहिले जावई, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हे गृहस्थ कुठल्याशा संस्थेत व्यवस्थापन शिकवतात. स्वतः आयुष्यात कोपऱ्यावरची टपरीदेखील चालवलेली नाही, पण बोलायला लागले की समोरच्याला वाटावं, जगातले सगळे कारखाने यांच्या सल्ल्यावाचून अडलेत. आज ते वही घेऊन आले होते. दोन फाशांवर कुठला आकडा कितीदा पडतो याचं कोष्टक, तीन रंगांच्या शायांनी आखलेलं.

दुसरा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. घरात त्याला ‘राजे’ म्हणतात. लहानपणी कौतुकानं म्हणायचे, आता सवयीनं म्हणतात. राजे छापखान्यात येतात ते बाराला, ऑफिसातला एसी बरा चालतो म्हणून. एकदा त्यांनी मशीनच्या ज्या बाजूनं छापलेला कागद बाहेर येतो, त्याच बाजूनं कोरा कागद घालायचा प्रयत्न केला होता. मशीनमन अजून नवीन माणसाला तो किस्सा सांगतो.

आणि तिसरी ताई. शुक्रवारी आप्पा तिला म्हणाले होते, “रविवारी तूही ये गं. पटावर बसायचंय.” एवढंच. पण त्या दोन वाक्यांनी तिचे दोन दिवस हवेत गेले. अखेर आप्पांच्या लक्षात आलं तर! लाज वाटावी इतकी ती खूश झाली होती.

आप्पा पंच म्हणून आरामखुर्चीत बसले. आई नेहमीसारखी टेबलाशी उभी राहून सोंगट्या लावत होती. लाकूड तपकिरी, दगड करडे, धान्य पिवळं. अठरा वर्षं ती ह्या सोंगट्या पुसून, रंगवार लावून ठेवते. खेळायला कधी बसली नाही.

खेळ तसा सोपा. फासे टाकायचे, पडलेल्या आकड्याच्या आपल्या शेतांतून आणि खाणींतून माल घ्यायचा आणि बांधकाम करायचं. घराला एक लाकूड, एक दगड, त्याचा एक गुण. चक्कीला दोन-दोन, तिचे दोन गुण. पुलाला चार दगड, त्याचे तीन. ज्याचे आधी बारा गुण, तो जिंकला. गोम दोनच ठिकाणी. एक म्हणजे कोठारात सातच सोंगट्या मावतात, आठवी आली की ती सडली. आणि दर पाचव्या फेरीला हिवाळा येतो. तेव्हा प्रत्येक घराला आणि चक्कीला एकेक धान्य द्यायचं, नाही दिलं तर ते बांधकाम पडलं.

जावयांनी वही उघडली आणि सहा-आठ आकड्यांच्या खाणी धरल्या. “हे आकडे जास्त पडतात, ताई,” त्यांनी समजावलं. “सुरुवातीलाच वेग घ्यायचा. स्ट्रॅटेजी म्हणजे दुसरं काय?”

“हो का?” ताई म्हणाली आणि धान्याच्या शेताशेजारी घर मांडलं.

“धान्य? अगं, धान्याला कोण विचारतं?” राजे खिदळले.

कुणी विचारत नाही, म्हणूनच तिनं ते घेतलं होतं. परीक्षांच्या आधीच्या महिन्यात कागदालाही कुणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी ह्याच जावयांनी आप्पांना पटवून गोदाम रिकामं करायला लावलं होतं; माल साठवणं हा म्हणे मागासलेपणा. पुढच्याच महिन्यात शाळांच्या प्रश्नपत्रिकांचं काम आलं आणि बाजारात कागद मिळेना. ताईनं कटिंग मशीनच्या मागे चाळीस रिमं गुपचूप दडवली होती, त्यांवर ते काम निभावलं. जावई तेव्हा म्हणाले, “बघा, अडलं का काही?” काय बोलणार अशा माणसाशी!

पहिला हिवाळा किरकोळ गेला, कुणाची फार बांधकामं नव्हती. मग जावई सुटले. लाकूड आलं की घर, दगड आला की घर. नवव्या फेरीला त्यांची पाच घरं आणि दोन चक्क्या झाल्या, नऊ गुण. खुर्चीत ते असे रेलले, जणू उद्याचा कागद खिशातच होता.

राजांचं वेगळंच. त्यांना एका दमात दोन पूल बांधायचे होते. एकेक बांधण्यात मजा नाही म्हणे. दोन पुलांना आठ दगड लागतात आणि कोठारात मावतात सात. दर खेपेला आठवी सोंगटी सडायची आणि राजे कपाळावर हात मारून फाशांना शिव्या द्यायचे. चार फेऱ्या हा तमाशा चालला, पण तेवढी वजाबाकी काही त्यांना जमली नाही. आप्पा कौतुकानं म्हणाले, “मोठं स्वप्न बघतो पोरगा.”

ताईची तीन घरं, एक चक्की. पाच गुण. कोठारात सातच्या सात धान्य.

“ताई, अहो बांधा काहीतरी,” जावई दयाळूपणे म्हणाले. “नुसतं साठवून जिंकता येत नाही.”

“मी सावकाश खेळते,” ती म्हणाली. आतून तिला हसू फुटत होतं. ह्या माणसाच्या हाताखाली दरवर्षी साठ पोरं शिकतात! समोर फेऱ्यांचा तक्ता आहे, त्यावर दहाव्या चौकोनात ढळढळीत हिवाळा छापलाय आणि ह्याला तो दिसत नाही, कारण तो त्याच्या वहीत नाही.

दहावी फेरी आली. जावयांची सात बांधकामं, धान्य तीन. वहीप्रमाणे धान्य यायला हवं होतं, आलं नाही. राजांची चार बांधकामं, धान्य एक. ताईला चार लागत होती, जवळ सात. वरची तीन तिनं टेबलावर ओळीनं ठेवली.

“बोला,” ती म्हणाली. “कुणाला हवंय?”

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. राजांनी एक दगड देऊ केला. ताईनं नुसतं बघितलं. त्यांनी दोन केले. जावई म्हणाले, “एका धान्याला दोन दगड? ही लूट आहे!” आणि लगेच, राजांनी दुसरं उचलायच्या आत, “मी पण दोन देतो, वर एक लाकूड.” राजांनी चार दगड मोजून दोन धान्य नेलं. त्या चार दगडांत त्यांचा एक पूल झाला असता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जावयांनी होतं नव्हतं ते देऊन एक घेतलं. तरी त्यांची तीन घरं पडलीच. राजांचंही एक पडलं. आईनं पडलेली घरं हलक्या हातानं उचलून डब्यात ठेवली.

ताईनं त्याच खेळीत चार दगडांचा पूल टाकला आणि उरलेल्यातून एक घर बांधलं. पाचाचे नऊ झाले. पुलाला हिवाळ्यात धान्य लागत नाही, हे नियमांच्या कागदावर अठरा वर्षं लिहिलेलं होतं. तो वाचण्याइतका वेळ एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणालाच मिळाला नव्हता. चौदाव्या फेरीला, पुढच्या हिवाळ्याच्या एकच फेरी आधी, तिनं दुसरा पूल मांडला.

“बारा,” ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिनं तो शब्द तोडून टाकला.

जावयांनी वही मिटली. राजे फाशांकडे बघत बसले. आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“छान. छान खेळलीस,” ते म्हणाले. “चला, आता सोंगट्या पुन्हा लावा. ह्या दोघांचा काही निकाल लागला नाही.”

ताईला आधी कळलंच नाही. “निकाल लागला की, आप्पा. मी जिंकले.”

“हो गं, जिंकलीस ना. पण तुझा डाव धरायचा नव्हता. दोघांत हा खेळ होत नाही, देवाणघेवाणीला तिसरा लागतो. मी पंच, म्हणून तुला बसवली.” आप्पांच्या बोलण्यात कुठेही कुचकेपणा नव्हता. रिमं मोजायला सांगावं तसं सांगत होते. “आणि तुला कागदावर नाव कशाला हवंय? खुर्चीत कुणीही बसलं तरी छापखान्यात तू आहेसच की!”

“तेच तर,” जावई घाईनं म्हणाले, “ताईंशिवाय छापखान्याचं पान हलत नाही.”

कुणी कानफटात मारली असती तर ताईला इतकं लागलं नसतं. राग आला, पण त्याच्याआधी लाज आली. ह्या दोन दीडशहाण्यांना ती तासभर मनात हसत होती, आणि त्या तिघांत सगळ्यांत मूर्ख कोण, तर ती. शुक्रवारपासून ती जिच्यावर तरंगत होती, ती आप्पांना आलेली जाण नव्हतीच. एक जागा रिकामी होती, एवढंच. ज्या पटाची तिनं अठरा वर्षं टर उडवली, त्याच्याकडूनच ती न्याय मागायला आली होती.

ती उठली. खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली, त्यातून गोदामाच्या किल्ल्या काढून पिवळ्या सोंगट्यांच्या शेजारी ठेवल्या.

“मी उद्यापासून येणार नाही,” ती म्हणाली.

“अगं असं काय करतेस, ताई,” राजे म्हणाले. “उद्या प्रश्नपत्रिका चढवायच्यात ना? कुठल्या मशीनवर?”

“फासे टाक. सम पडला तर जुन्या, विषम पडला तर ज्याच्यावर शर्ट वाळत घालतात त्याच्यावर.”

“रागावलीय,” आप्पा जावयांना म्हणाले, जणू ती तिथे नव्हतीच. “मंगळवारपर्यंत येईल जागेवर.”

“मंगळवारी मी दुसरीकडे काम शोधत असेन, आप्पा. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही गोदामात पाऊल ठेवलेलं नाही. किल्ली कुठली कुठे लागते, तेवढं तरी विचारा.”

आप्पांनी किल्ल्यांकडे बघितलं. काही विचारलं नाही. तो माणूस अस्वस्थ झाला होता, पण किल्ल्यांमुळे नव्हे. “आता तिसरं कोण बसणार?” ते म्हणाले.

“तुम्हीच बसा, आप्पा,” जावई म्हणाले.

“पंचानं बसायचं नसतं.”

मग आप्पांनी मान वळवून टेबलाच्या कडेला बघितलं. “अगं, तू बस.”

“मी?” आई म्हणाली.

“आई, नको,” ताई म्हणाली. “चल माझ्याबरोबर.”

पण आईनं पदराला हात पुसले होते. ताईची खुर्ची तिनं दोन्ही हातांनी जरा पुढे ओढली आणि टेकली, अगदी कडेवर. पुढ्यात सोंगट्या होत्या, अठरा वर्षं रोज पुसलेल्या. त्यांतली एक तिनं उचलून तळहातावर घेतली.

“मला काय करायचं असतं?” तिनं विचारलं.

“तुला काही करायचं नाही,” आप्पा म्हणाले. “नुसती बस.”

आईनं मान डोलावली. तिचा चेहरा उजळला होता. पोरीकडे बघून ती हसली, आपल्यालाही बोलावलं म्हणून, आणि सोंगटी मुठीत धरून पुढे वाकली. ताईच्या तोंडाशी त्या सगळ्यांना पुरेल एवढं बोलणं आलं होतं. पण आईच्या त्या चेहऱ्यासमोर तिला त्यातला एक शब्द बोलता आला नाही. तिनं चपला घातल्या. जिन्यावर असताना वर फासे पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचं हसू.