भिकुबाईच्या घमेल्याखाली

सन दोन हजार पंचवीस. चैत्र सरत आला होता, आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, तोंडावर होती आणि सातपुड्याच्या पायथ्याला दुपारी कुत्रंही सावली सोडत नव्हतं. त्या दिवसांत मला जामनपाड्यात जमिनीत रोवलं.

मी नोड. जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र. बोलायची मला सवय नाही, ऐकायची आहे. आज बोलतो, कारण एका बाईचं ऋण माझ्यावर होतं, आणि ऋण डोक्यावर ठेवून जगणं मला जमत नाही.

दिसायला मी काही विशेष नाही. लोणच्याच्या लहान बरणीएवढा, खाली लोखंडी खिळा, माथ्यावर एक दिवा. माणसं हातात घेतात आणि म्हणतात, "एवढंच?" एवढंच. पण माझ्या पोटात तारेच्या तीन गुंडाळ्या स्प्रिंगला टांगलेल्या आहेत. शेजारच्या वाड्यात म्हैस उठून उभी राहिली तरी मला कळतं. मुंगीचं कळत नाही. खोटं कशाला सांगू?

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पहिली कामं धरणाच्या भिंतींवर झाली, नंतर रेल्वेच्या बोगद्यापाशी. काम असलं की माणसं आम्हाला पुसतात, सपाटीत बसवतात, उत्तरेकडे तोंड करून देतात. काम संपलं की पेटीत कोंबतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. भीती एकाच गोष्टीची वाटते. जे ऐकलं ते आमच्या पोटातच असतं. कुणी येऊन आम्हाला उपसलं, केबल लावून पोट रिकामं केलं, तरच ते जगाला कळतं. माझ्याच पेटीतला एक भाऊ एका शेतात राहून गेला. ट्रॅक्टरच्या नांगराखाली आला. त्यानं काय ऐकलं होतं ते कुणालाच कळलं नाही.

जामनपाड्यात आम्हाला का आणलं ते सांगतो. वस्तीला अधूनमधून हादरे बसत. भांडी खणखणत, भिंतींना चिरा पडत. वस्तीच्या वरच्या अंगाला डोंगरात खडीची खाण होती. वस्ती म्हणे, हे खाणीच्या सुरुंगांचं काम. खाणवाले म्हणत, आम्ही फुटक्या टिकल्यांएवढा बार उडवतो, हा भूकंप आहे. सरकारी माणूस येऊन सांगून गेला की भूकंप असेल तर इथं राहणं धोक्याचं आहे, सगळी वस्ती खाली मैदानात हलवावी लागेल. मोहाची झाडं, आंब्याची झाडं, पुरलेली माणसं, सगळं इथंच सोडून.

म्हणजे प्रश्न एकच होता. हादरा खोल जमिनीतून येतो की वरून, खाणीतून? ते शोधायला सर्वेच्या प्रमुख मोनाली मॅडम आम्हा डझनभर नोडांना घेऊन जवळच्या चोपडा गावात उतरल्या होत्या.

मला भिकुबाईच्या अंगणाच्या कोपऱ्यात रोवलं. रोवणारा आतिफ. फैजपूरचा, बाप पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. चालताना त्याचा डावा पाय जरा घासतो. मी माणसं पावलांवरून ओळखतो. त्यानं खड्डा केला, मला दाबून बसवलं, माती ठोकली, शेजारी काडीला लाल फडक्याचा झेंडा लावला.

"अक्का, महिनाभर हे सांभाळायचं. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

भिकुबाई म्हणाली, "मना आंगनमा शे ना? मंग तू फिकीर करू नको."

"तुमच्या वस्तीचा फैसला याच्या पोटात आहे."

"मंग तर मी याले मना नातूसारखा सांभायसू."

आतिफनं सगळं सांगितलं, एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या डोक्यावर आभाळ मोकळं लागतं. मला वेळ आभाळातून मिळते, उपग्रहांकडून. एकच हादरा एका नोडाला आधी पोचतो, दुसऱ्याला मागून. त्या फरकावरून तो कुठून निघाला ते काढतात. ज्याचं घड्याळ चुकलं त्याचं ऐकलेलं सगळं वाया. आतिफला हे इतकं ठाऊक होतं की सांगावं लागतं हेच त्याला सुचलं नाही.

पहिले दिवस बरे गेले. सुपानं पाखडणं, उखळाचे घाव, कोंबड्यांची पळापळ. दोन मोठे हादरेही बसले. मी ते टिपले.

मग एका सकाळी नाल्याकडच्या बाजूनं कुदळीचे घाव ऐकू आले. घाव थांबले, पावलं पुढे सरकली, पुन्हा घाव. नाल्याकाठी माझे भाऊ होते. कुणीतरी त्यांना उपसत होतं, आणि ती आतिफची पावलं नव्हती.

भिकुबाईलाही ते कळलं असावं. ती धावत अंगणात आली, माझा झेंडा उपटून कमरेला खोचला आणि घराकडे वळली. आखाजीसाठी अंगण सारवायला शेणाचा काला तयारच होता. तिनं लोखंडी घमेलं आणलं आणि माझ्यावर पालथं घातलं. कडेला शेणमाती थापून सगळं सारवून घेतलं.

तिनं मला झाकलं ते मला वाचवायला. पण माझं आभाळ गेलं.

लोखंडातून उपग्रह दिसत नाही. वेताचं डालं घातलं असतं तर दिसला असता. पण ज्याला जपायचं त्यावर भक्कम तेच घालायचं, ही तिची रीत. थोड्या वेळानं जड बुटांची पावलं अंगणात आली. खाणीवरचा मुकादम नवल. त्याच्या मागे दोघंजण. भिकुबाई सूप घेऊन घमेल्यावरच बसली आणि पुरणाची डाळ निवडू लागली. तिचं सगळं वजन माझ्या डोक्यावर.

नवल म्हणाला, "भिकुबाई, ते यंत्र कुठंय?"

"कोनतं यंत्र?"

"सर्वेवाल्यांनी ठेवलेलं. ते धोक्याचं असतं, आम्ही गोळा करतोय."

"मंग व्हई ना. लई गयात कोनीतरी. तूच गोया करी ऱ्हायना ना? तुनापान व्हई." कुणीतरी नेलं, तुझ्यापाशीच असेल, असं तिचं म्हणणं.

"तू कशावर बसलीस?"

"घमेलावर."

"ते दिसतंय. घमेल्याखाली काय?"

"कोंबडी बठेल शे अंडावर. आते उठाडी तर अंडा बिघडतीन."

"घमेल्याखाली कोंबडी बसते कधी? मरेल ती."

"मनी कोंबडी शे. मी तिले पाटवर बठाडसू, नही तर घमेलाखाल. तुना बापनं काय जास?"

एवढ्यात कुडाच्या पलीकडून शेजारच्या भागाबाईचा आवाज आला. "भिकु व, तुनी कोंबडी तर आठे उकिरडावर फिरी ऱ्हायनी!"

माझ्या गुंडाळ्या थरथरल्या. यंत्राला घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

"ती दुसरी शे!" भिकुबाई ओरडली. "तुना डोया फुटनात का?"

नवल म्हणाला, "मला येडा समजतेस का?"

"त्यामा समजाले काय शे?"

मागचे दोघं फसकन हसले. नवलचा बूट अंगणात एकदा आपटला. घमेल्याला लाथ मारायची तर आधी बाईला उठवायला हवं, आणि भागाबाईच्या हाकेनं आणखी चारजणी कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो गेला.

त्या दिवशी ऋण झालं.

पण माझी धास्ती तिथून सुरू झाली. नवल वस्तीवर येतच राहिला. येईल त्या वेळी येई, त्यामुळे भिकुबाईनं घमेलं काही उचललं नाही. खाली भट्टी झाली. उन्हानं घड्याळ बिघडतं. माझं घड्याळ सरकत होतं, आणि किती सरकलं ते मला कळत नव्हतं. त्यात मला आभाळ शोधायची खोड. दिसेना म्हणून मी सारखा शोधत राहिलो, आणि शोधण्यात बॅटरी खर्च होते. महिनाभर पुरायची ती आधीच संपणार होती.

एक उपाय होता. मरायच्या आधी एकदा जरी आभाळ दिसलं, तरी घड्याळ किती चुकलं ते कळतं आणि मधलं सगळं सरळ करता येतं. एकदाच. पण अंधारात मेलो तर नाल्याकाठच्या भावांत आणि माझ्यात फरक काय?

आखाजी आली. लेकी माहेरी आल्या, आंब्याला झोके बांधले. झोक्याचा ताल मुळांतून माझ्यापर्यंत येत होता. त्याच दुपारी झोका थांबायला आणि डोंगरातून धक्का यायला एक गाठ पडली. आजवरचा सगळ्यांत मोठा. वर बायका किंचाळल्या. भिकुबाईच्या मागच्या भिंतीचा पोपडा धपकन पडला, आणि आत तिचा नातू रडू लागला. भिंत उभीच राहिली, तिनं दया केली म्हणायची.

मी तो धक्का पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपला. पण वाजले किती, ते मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी फक्त वाट पाहिली. माझ्यात फार थोडा जीव उरला होता. मग एका सकाळी तो घासणारा डावा पाय ऐकू आला. आतिफ! आणि त्याच्या बरोबरीनं जड बूट.

नवल त्याला मदत करायला आला होता म्हणे. "काय साहेब, मीही शोधतोय तुमची यंत्रं. पोरासोरांनी भंगारात घातली असतील."

आतिफ म्हणाला, "नवलभाऊ, झेंडे पण नाहीत. अक्का, तुमच्याकडचं कुठंय?"

भिकुबाई म्हणाली, "लई गयात."

"कोण?"

"माले काय माहीत?"

"अक्का, तुम्ही तर नातवासारखं सांभाळणार होता."

तिच्या टाचा जमिनीत रुतल्या होत्या, ते मला कळत होतं. आतिफ माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. मी ओरडू शकत नव्हतो. मला ऐकायला घडवलंय.

"चला साहेब, चहा घेऊ. मी तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडतो," नवल म्हणाला. मोटारसायकल सुरू झाली. दोघांना घेऊन ती लांब गेली. पार टेकाडापलीकडे गेली.

आणि मग भिकुबाई धावली.

या बाईला मी एवढं धावताना कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यानं नाही, नाल्याच्या उतारानं, आडवाटेनं. अनवाणी पावलं दूर गेली, विरली, संपली. मग काहीच नाही. बॅटरी तेवढी उतरत होती.

कितीतरी वेळानं नाल्याकडून पावलं आली. दोन माणसांची. त्यांतलं एक डावा पाय घासत होतं.

"तो चहाच्या टपरीवर बठेल शे," भिकुबाई धापा टाकत म्हणाली. "तू लघवीले जास सांगीसन ऊना ना? मंग लवकर कर."

घमेल्याच्या कडेची शेणमाती फुटली. उजेड आला. इतक्या दिवसांनी आभाळ आलं.

आतिफनं मला पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अक्का, तुम्ही याला लोखंडाखाली ठेवलं?"

"मंग काय उघडा ठेवू? तो उचलीसन लई जाता!"

"बरोबर आहे. चूक माझीच आहे, मी सांगायला पाहिजे होतं."

"उचल ना लवकर!"

"नाही. थोडं थांबावं लागेल. याला आधी आभाळ बघू द्या. आत्ता उपटलं तर सगळं वाया."

"किती थांबानं?"

"दिवा हिरवा होईपर्यंत."

दोघं उकिडवे बसले, माझ्या दिव्याकडे बघत. दिवा लालच होता. मी उपग्रह शोधत होतो. एक सापडला. एकानं भागत नाही. दूर टेकाडापलीकडे मोटारसायकलची धडधड सुरू झाली. मला ती त्यांच्या आधी कळली. दुसरा सापडला, तिसरा. बॅटरी तळाला होती. धडधड टेकाड चढू लागली. आता भिकुबाईलाही ती ऐकू आली. तिनं आतिफचा दंड धरला.

चौथा सापडला. दिवा हिरवा झाला.

आतिफनं मला उपसलं. भिकुबाईनं वाळलेल्या मोहफुलांची टोपली आणली, मला तळाशी घातलं आणि वर फुलं ओतली. घरात दडवलेला लाल झेंडा आणून त्याची चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. आतिफ नाल्यानं गेला. वाटेवर मोटारसायकल तिच्याशेजारी थांबली.

"काय नेतेस गं?"

"मोहफुलं. बाजारले. तुले देऊ का मूठभर? डोकं थंड ऱ्हास."

"तो सर्वेवाला पोरगा दिसला का?"

"नालामा शे. पोट बिघडेल दिसस. तुना चहा प्यायना व्हई."

मोटारसायकल पुढे गेली. तिची मान तसूभरही हलली नाही. मी तिच्या डोक्यावर होतो, मला कळलं असतं.

बाजारात तिनं मला आतिफच्या हवाली केलं. चोपड्याला मला ब्रशनं पुसलं, फडताळात बसवलं, केबल लावली. वाचलेले आम्ही थोडेच होतो, आणि खाणीच्या सगळ्यांत जवळचा मी. मोनाली मॅडम पडद्यापुढे उभ्याच राहिल्या, खुर्चीत बसल्या नाहीत.

"आतिफ, याचं घड्याळ?"

"सरकलेलं आहे मॅडम. पण शेवटी आभाळ मिळालंय. सरळ होतं."

त्यांनी सरळ केलं. सगळ्यांचे हादरे एकाखाली एक मांडले. आखाजीचा धक्काही त्यांत होता. प्रत्येक मोठा हादरा आधी माझ्याकडे पोचला होता, मग दूरच्यांकडे. सगळ्या रेघा मागे नेल्या तेव्हा त्या एकाच जागी भेटल्या. जमिनीखाली खोल नाही. वर, डोंगरात, खाणीत.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "भूकंप नाही."

नंतरचं मी पेटीतून ऐकलं. खाण बंद झाली. वस्ती हलवायचा कागद मागे घेतला. आतिफ जामनपाड्याला जाऊन आला. भिकुबाईनं भिंत लिंपली होती आणि भागाबाईशी अजून बोलत नव्हती.

आता मी चोपड्यातल्या खोलीत फडताळावर असतो. घमेल्याच्या कडेचा ओरखडा माथ्यावर आहे, तो कुणी पुसू नये. पुढच्या कामाला नेतील तेव्हा जाईन. मला रोवणाऱ्याला एवढंच सांगणं आहे: ज्याच्या अंगणात ठेवाल त्याला सगळं सांगा.

भिकुबाईनं मला ठेवलं. जामनपाडा जागच्या जागी आहे. ऋण फिटलं.