हिरीबाईच्या आरशांची जाजम

मित्रांनो, फुलचंद नायकाच्या घरात आलात, तर कणगीमागे एक गुंडाळी उभी दिसेल. तिला अडगळ समजू नका. मी एक जुनी जाजम आहे. हल्ली उंदरांखेरीज माझी विचारपूस कुणी करत नाही, आणि त्यांची विचारपूस कशी असते ते माझ्या काठाला विचारा.

माझा जन्म रिठदच्या वाटेवरच्या या बंजारा तांड्यात झाला. कापड शिरपूरच्या ज्ञानचंद शेटच्या दुकानातलं, लाल आणि जाडंभरडं. मला शिवलं हिरीबाईनं. तिचा नवरा नुकताच गेला होता, आणि विधवेनं आरशांचा फेटिया, म्हणजे घागरा, घालायचा नाही अशी इथली रीत. तिच्या लग्नाच्या फेटियाला तांड्यात कुणाचे नसतील असे मोठाले आरसे होते. तिनं ते एकेक करून उसवले आणि माझ्या काठाला टाचले. टाचताना ती रडत होती. बायकांनी माझं कौतुक केलं. पुरुष मात्र माझ्यावर नुसतेच बसले. शिवणीकडे त्यांचं लक्ष असतं कुठं?

मग तिनं मला तांड्याच्या प्रमुखाकडे, म्हणजे नायकाकडे, बैठकीसाठी दिलं आणि माझे कामाचे दिवस आले. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मोठ्या गुन्ह्याचा न्याय सरकारी कोर्ट करी, पण कोर्टापर्यंत कुणाला न्यायचं हे तांड्याचे पंच आधी माझ्यावर बसून ठरवत. या बैठकीला नसाब म्हणत. तिथं बोलायचं फक्त फिर्याद करणाऱ्यानं आणि त्याच्या साक्षीदारांनी. ज्याच्यावर आळ, त्यानं दूर मातीत बसायचं. आळ पोकळ निघाला, तर नायक स्वतः उठून त्याला हाताला धरून माझ्यावर बसवी आणि गूळ वाटी. कित्येक गरिबांचे कोर्टाचे हेलपाटे असे वाचले. तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

एका हिवाळ्यात गोविंदसिंगच्या कडब्याची गंजी जळाली. हिरीबाईची शेळी त्याच्या हरभऱ्यात शिरल्यावरून दोघांचं आदल्याच दिवशी वाजलं होतं. नायकाच्या अंगणात नसाब बसली. साक्षीला हेमला नावाचा तांड्यातलाच एक जण उभा राहिला.

"जाळाच्या उजेडात म्या फेटिया पायला. हे मोठाले आरसे चमकून राह्यले होते."

"असे आरसे तांड्यात कोनाचे हायेत?" नायकानं विचारलं.

"हिरीबाईचे! दुसऱ्या कोनाचे राह्यतीन?" गोविंदसिंग ओरडला. पंचांनी माना डोलावल्या.

मित्रांनो, ते आरसे पंचांच्या बुडाखालीच होते! दूर मातीत बसलेली हिरीबाई ताडकन उभी राहिली.

"नायक, मले एक सवाल तरी इचारा!"

"तुह्यं कोर्टात आयकतीन, बाई. इथं आयकाची रीत न्हाई. बस खाली."

नायकाची बायको भुरीबाई दारात उभी होती. तिनं माझ्या काठाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि ओढणीचं टोक दातांत धरलं. नसाबीत बाया बोलत नसत. मला तर तोंडच नाही. एवढी माणसं अंगावर बसली होती, आणि इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. हिरीबाई होळीपर्यंत अकोल्याच्या जेलात राहिली. खटल्याच्या दिवशी भुरीबाई मला आणि हिरीबाईच्या घरातला तो उसवलेला फेटिया काखोटीला मारून थेट कोर्टात गेली. घरात काय बोलणं खाऊन गेली असेल, ते तिलाच ठाऊक. जज्जसाहेबांनी हिरीबाईला विचारलं, "तुझे आरसे कुठं आहेत?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्यावरचे आरसे आणि तिच्या फेटियावरच्या उसवल्याच्या खुणा त्यांनी जुळवून पाहिल्या. ती सुटली. गंजी कुणी पेटवली ते आजवर कळलेलं नाही.

हिरीबाई तांड्यात परतली. आता नायक मला अंथरील, तिला हाताला धरून बसवील, या आशेवर मी वाट पाहत होते.

"कोर्टानं सोडलं ना तिले? मंग आनखी काय पायजे?" तो भुरीबाईला म्हणाला. त्याला लाज वाटत होती, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. हिरीबाईच्या दारावरून लोक मान खाली घालून जाऊ लागले. पुढं ग्रामपंचायत आली, खुर्च्या आल्या, आणि मीही कोपऱ्याला लागले.

परवा उंदरांनी कुरतडलेला काठ सांधायला भुरीबाईनं हिरीबाईला बोलावलं. मला अंगणभर पसरलं. अख्खी जाजम मोकळी, आणि ती बाई कडेला मातीत बसून टाके घालत होती.

"वर बस ना वं," भुरीबाई म्हणाली.

"मले कोनी बसवलं न्हाई अजून," हिरीबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

नायक घरातच होता. त्याचा नुसता खोकला ऐकू आला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. पण माझं खरं मागणं निराळंच आहे. चारजण मिळून कधी कुणाबद्दल ठरवायला बसलात, तर त्या माणसालाही जवळ बसवा आणि एक सवाल विचारा. त्या दिवशीही माझ्यावर जागा होती.