पुसावं तरी किती?

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. लाकडाच्या ठोकळ्याला जाड लोकर चिकटवून मला बनवलं, तेव्हा मी करडा होतो. आता खडूने पांढरा झालोय तो कायमचा.

माझी सारी नोकरी कॉलेजातल्या एकाच खोलीत झाली. तिथे सर आणि बाई हे नवरा-बायको काम करत. नवी माहिती आली की माणसाने आपली समजूत कशी बदलावी, हा सरांचा विषय. चुकतमाकत अंदाज बांधणारा माणूस खऱ्यापर्यंत पोचतो कसा, हा बाईंचा.

"लागेल तेवढंच पुसायचं," हा सरांचा नियम. त्यावरचं त्यांचं पुस्तक दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं.

त्या दुपारी बाई म्हणाल्या, "अहो, मी आकडे सांगते. माझ्या मनातला नियम ओळखा. दोन, चार, सहा."

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'सम संख्या'.

"सात."

सरांनी पुढे जोडलं, 'आणि सात'. मग 'आणि नऊ'. मग 'आणि अकरा'. मला कामच मिळेना.

बाई हसत सुटल्या. "हा नियम आहे की ठिगळांची गोधडी? माझ्या मनात साऱ्या संख्या होत्या. असे जन्मभर जोडत बसलात तरी पोचणार नाही!"

सर मटकन खाली बसले. "म्हणजे माझं पुस्तक पाण्यात?"

"पाण्यात कशाला? उठा, दोघांचं जोडून बघू."

बाईंनी सगळे अंदाज आधीच एकाखाली एक लिहिले: 'सम संख्या', 'दहापर्यंतच्या संख्या', 'साऱ्या संख्या'. पुसून उरलेल्यांत जो सर्वांत वर, तो खरा मानायचा. मग तेच आकडे पुन्हा घेतले. सरांच्या नियमाने सात आल्यावर मी फक्त पहिली ओळ पुसली, अकरा आल्यावर दुसरी. उरलं ते बरोबर!

"पण 'साऱ्या संख्या' वर का नको?" सरांनी विचारलं.

"खरा नियम सम संख्यांचा असता, तर आपली चूक कुठल्या आकड्याने दाखवली असती? चुकला तर पकडला जाईल, असा अंदाज आधी."

सरांनी लगेच छापखान्यात फोन लावला. "छपाई थांबवा. पुस्तक बदलतंय."

"काय बदललं, सर?" पलीकडून विचारलं.

"बरंच. मुख्य म्हणजे लेखक आता दोन आहेत."

"अगं बाई!" म्हणत बाईंनी मलाच तोंडावर धरलं. नाकाला खडू लागला तो सरांनी पुसला, माझ्याशिवाय.

आता तिथे गुळगुळीत पांढरा फळा आलाय आणि मी खिडकीत बसून असतो. मित्रांनो, चुकलात तर रागाने सगळं कोरं करू नका. खालच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. आणि डस्टर अधूनमधून झटकत जा. खोकला आम्हालाही येतो.